गुलबाक्षीची हद्द

खराटा थांबला. जिथं थांबायला नको होता तिथं थांबला, आणि दाराच्या आत चपला शोधत असलेली मिसाओ एकाच पायात चप्पल घालून तशीच उभी राहिली. साडेपाच वाजून गेले होते. शेजारच्या काजिवाराबाई रोज याच वेळी आपल्या घरापुढची गल्ली झाडायला काढतात, आणि मिसाओ एकतीस वर्षं तो आवाज दाराआडून ऐकत आली होती. खर्र खर्र करत खराटा पलीकडच्या टोकाकडून येतो, दोन घरांच्या मधल्या हद्दीशी पोचतो, हद्द ओलांडून मिसाओच्या बाजूला फूटभर येतो, तिथं तीन हात मारतो आणि माघारी वळतो. मग दहाएक मिनिटं जाऊ द्यायची. मग मिसाओनं बाहेर पडायचं, आपलं दार झाडायचं, काजिवारांच्या बाजूला फूटभर शिरायचं आणि वळायचं. समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही, कारण गाठ पडली की बोलावं लागतं आणि इतक्या सकाळी बोलायला कुणालाच नको असतं. आज ते तीन हात आले नाहीत. खराटा हद्दीपर्यंतसुद्धा आला नाही. वीतभर अलीकडेच थबकला, जरा घुटमळला, आणि परत गेला. मिसाओनं श्वास रोखून वाट पाहिली, की सुपली आणायला गेल्या असतील, कंबर धरली असेल, येतील. शेजारचं सरकतं दार आधी उघडलं आणि मग लागलं. संपलं.

दहा मिनिटं थांबायचं भान तिला राहिलं नाही. ती बाहेर आली. हद्दीवर हातभर पट्टा न झाडलेला पडला होता. त्यात चार पिवळी पानं, एक सिगारेटचं थोटूक आणि काळ्या मिऱ्यांसारख्या गुलबाक्षीच्या बिया. आणि त्या सगळ्यावर गुलबाक्षी ओणवी झाली होती. मिसाओच्या दारापासून हद्दीपर्यंत भिंतीच्या कडेला दोन वितींचा वाफा आहे, तीच काय ती पुढची बाग. यंदा त्या वाफ्यात गुलबाक्षीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. कमरेइतकी वाढलेली, फरसबंदीवर सांडलेली, राणी रंगानं नुसती पेटलेली. अजून ऊन पडायचं होतं म्हणून रात्रीची फुलं मिटली नव्हती. गेल्या आठवड्यात चार दिवस पाऊस लागला आणि शेवटचं झुडूप हद्दीवरून पलीकडे कललं. त्याच्याही पुढं, काजिवारांच्या लाकडी भिंतीच्या पायथ्याशी, तीन लहान रोपं उभी होती. ती तिनं लावलेली नव्हती, पण आई कोण ते जगाला दिसत होतं. मिसाओला सगळं लख्ख कळलं. तिचा चेहरा कानापर्यंत तापला. तिनं तो पट्टा झाडला, आपला फूटभर झाडला, आणि एखाद्याच्या घरात चोरून शिरल्यासारखी घाईनं आत आली.

"आज शेजारचा खराटा आपल्याकडे आलाच नाही," न्याहारीला बसल्यावर ती नवऱ्याला म्हणाली. तेरुहिको कापड रंगवण्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. नखांच्या कडांची निळाई अजून गेली नव्हती. तो भातावर खारवलेल्या वांग्याची फोड ठेवत होता. "दमल्या असतील," तो म्हणाला. "त्र्याऐंशी वय म्हणजे काय गंमत आहे?" "दमल्या नाहीत. गुलबाक्षी पसरलीय म्हणून." "तसं म्हणाल्या?" "म्हणतील कशा?" "मग जाऊन विचार की," असं म्हणून तो स्वतःच हसला. याच गल्लीत जन्मलेला माणूस, आपण काय बोललो ते त्याला कळत होतं. "विचारलंस तर त्या म्हणणार, छे हो, किती सुंदर फुलं आहेत. मग त्या सुंदरचा अर्थ लावत तू नवं वर्ष येईपर्यंत झोपायची नाहीस. त्यापेक्षा न विचारताच अर्थ लावलेला बरा, तेवढाच चहा वाचतो." "तुम्हाला चेष्टा सुचतेय." "मला दोरी सुचतेय. ते कललेलं झुडूप सुतळीनं मागं बांध, की झालं काम." दोरीनं बांधून भागण्यातली गोष्ट नव्हती ही, आणि हे पुरुषाला कितीही सांगितलं तरी कळणार नव्हतं, मग तो क्योतोतला असला म्हणून काय झालं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचं हे गाव. इथं ताक कुणी मागत नाही. भांडं कुठल्या बाजूला लपवलंय त्यावरून समोरच्यानं ओळखायचं असतं, आणि न ओळखणारा बाहेरचा.

बाहेरचा. हा शब्द तिला कुणी कधी तोंडावर म्हटला नव्हता. ती समुद्रकाठच्या एका गावाहून सव्विसाव्या वर्षी इथं सून म्हणून आली. चौथ्या दिवशी सासूबाईंनी हातात खराटा दिला. पाचव्या दिवशी ती उठली तेव्हा शेजारच्या दारात कापराच्या झाडाच्या पानांचा खच पडलेला दिसला. काजिवाराबाई तेव्हा पन्नाशीच्या, नवरा नुकताच गेलेला, दिवसभर खिडकीशी बसून किमोनो शिवायच्या; त्यांच्याकडून शिवून घेण्यासाठी लोक वर्षभर थांबायचे. मिसाओला वाटलं, बाई एकटीच आहे, आपण झाडून टाकू. तिनं शेजारचं सगळंच्या सगळं अंगण आरशासारखं केलं. गावाकडे याला शेजारधर्म म्हणत. दुपारी काजिवाराबाई रेशमी फडक्यात बांधलेला मिठाईचा डबा घेऊन दारात आल्या, कमरेत वाकल्या, आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्या सूनबाईंना आमच्यासाठी फार कष्ट पडले." त्या गेल्यावर सासूबाई बराच वेळ डब्याकडे बघत बसल्या. "फिटंफाट करून गेल्या," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं ते असं. शेजाऱ्याच्या हद्दीत फूटभर झाडायचं. त्याहून कमी झाडलं तर आपण माणूसघाणे. त्याहून जास्त झाडलं तर तुमचं तुम्हाला झेपत नाही, असं त्याच्या तोंडावर म्हटल्यासारखं. आणि सगळंच झाडलं तर मग बोलणंच संपलं, त्यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडते. "एवढं साधं तुमच्या गावात शिकवत नाहीत?" सासूबाईंनी विचारलं होतं, रागानं नव्हे, खरोखरीच नवल वाटून.

त्यानंतर सात महिने काजिवाराबाईंचा खराटा हद्दीवर येऊन थांबे. रेघ मारावी तसा. सासूबाई काही बोलत नसत. पण रोज सकाळी त्यांचेही कान तिकडे लागलेले असत, आणि खराटा वळला की त्या उगाच किटलीचं झाकण उघडून बघत. गरोदर होती तेव्हा मिसाओ. उलट्यांपेक्षा तिला त्या आवाजाचं जास्त झालं होतं. मग डिसेंबरात एका सकाळी, काही कारण नसताना, खराटा हद्दीवरून पुढं आला. एक हात. दोन हात. तीन हात. वळला. मिसाओ दाराच्या आत थंड फरशीवर मटकन बसली आणि रडली. लग्नात रडली नव्हती, बाळंतपणात पुढं रडली नाही, पण त्या फूटभर झाडलेल्या दगडांसाठी ती हुंदके देऊन रडली होती. या शहरात तिला मिळालेली जागा म्हणजे ती फूटभर. घर सासरचं, अंगण सासूचं, मागच्या चौकातली शेवाळाची बाग तर देवघराइतकी सोवळी. तेवढी फूटभर फरसबंदी मात्र तिची तिनं मिळवली होती, आणि ती रोज सकाळी नव्यानं मिळत होती. आज मिळाली नाही.

आणि घालवली कशापायी, तर न बोलावता आलेल्या एका झाडापायी. चार वर्षांपूर्वी मागच्या गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर पाडलं, मातीचे ट्रक महिनाभर इथून जात होते, आणि त्या उन्हाळ्यात गटाराच्या कडेला फटीतून दोन जाड जुळी पानं वर आली. मिसाओनं ती बघताक्षणी ओळखली. गावाकडे जाळी ठेवायच्या खोपटामागं गुलबाक्षीचं रान असे. पोरी फुलाची नळी ओढून कानात लोंबती डूल करत, बी फोडून आतलं पांढरं पीठ नाकाला फासत आणि नवरीनवरी खेळत. सासूबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या असत्या तर ती दोन पानं संध्याकाळ बघती ना. शेवाळात उगवलेलं एक-एक पातं त्या रोज चिमट्यानं काढत. आपण न बोलावता आलं ते तण, मग त्याला फूल कितीही देखणं येवो, असा त्यांचा हिशेब. शेवाळ मिसाओ अजूनही तसंच राखत होती, अर्धं सवयीनं आणि अर्धं भीतीनं. पण त्या जुळ्या पानांना तिनं फटीतून अलगद उचललं आणि वाफ्यात लावलं. या घरात कुणाची परवानगी न घेता केलेली तिची ती पहिली गोष्ट असावी.

ताळतंत्र मात्र ठेवलं होतं. गुलबाक्षीला बोट दिलं की ती मनगट धरते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चार झुडपं ठेवायची, बाकीची उपटायची, हा नियम. उपटायचं ते मे महिन्यात, पाऊस पडून गेल्यावर, दोनच पानं असताना. तेव्हा चिमटीत निघतं. जूनमध्ये खाली गाजर झालेलं असतं. ऑगस्टमध्ये रताळं, ते ओढलं की कटकन मधेच तुटतं आणि उरलेलं पुढच्या वर्षी दुप्पट होऊन वर येतं. बी तर एकदम पडतच नाही. रोज दोन, रोज पाच, असं गुपचूप. म्हणून रोज संध्याकाळी वाकून, फूल गळून गेलेल्या वाटीत बसलेली काळी बी बोटानं काढून घ्यायची, कागदाच्या पुडीत घालायची, पुडी चुलीत. एवढं करूनही काही निसटत. गल्लीचा उतार काजिवारांच्या बाजूला, आणि झाडून झाल्यावर सडा मिसाओच घालायची. आपल्याच हातानं टाकलेल्या पाण्याबरोबर बी शेजारी पोचतं, हे कळायला तिला दोन वर्षं लागली. मग ती आधी बिया वेचून मगच पाणी टाकू लागली. असं तीन वर्षं. यंदा मे महिन्यात ती रोपं काढायला बसली, डझनभर काढली, आणि पुढच्याला हात घातला तो आखडला. गुडघे दुखत होते असं तिनं स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. ती दोन पानं इतकी निर्धास्त होती की तिला त्यांचा हेवा वाटला. एकदा तरी या दारात काही मापाबाहेर होऊ दे, असं वाटलं, बस्स. आणि मग तिनं काणाडोळा केला. जूनमध्ये केला, जुलैत केला, बिया वेचायच्या सोडून दिल्या, संध्याकाळी स्वयंपाक आटोपून दारात उभं राहिलं की एकेक फूल उलगडत जायचं आणि त्याचा गोडसर वास ओल्या दगडांवर पसरायचा, आणि मिसाओला कुणीतरी आपल्या नावानं हाक मारल्यासारखं वाटायचं. इतका आनंद फुकट मिळत नसतो, हे तिनं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. खराटा यायचा, वीतभर अलीकडे थबकायचा, जायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी मिसाओ पातीचा कांदा आणि टोफू घेऊन कोपऱ्यावरून वळली तर समोरून काजिवाराबाई येत होत्या, काठी न घेता, ताठ, पण भिंतीच्या अगदी कडेनं. मिसाओ थांबली आणि वाकली. नेहमीपेक्षा जास्तच वाकली. वर बघितलं तेव्हा काजिवाराबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. तिच्या कानाच्या पलीकडे, भिंतीवर कुठंतरी, मान जराशी वळवून बघत होत्या. तशाच बघत त्या शेजारून गेल्या. ओठांवर नेहमीचं बारीक हसू होतं, ते तिच्यासाठी नव्हतं. मिसाओला स्वतःचीच लाज वाटली, की सत्तावन्न वर्षांची बाई, नात शाळेत जायला लागली, आणि शेजारणीनं तोंड फिरवलं म्हणून रस्त्यात रडू फुटतंय. पण फुटत होतं. घरी येऊन तिनं टोफू पाण्यात ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "शनिवारी मी सगळं काढून टाकणार." "सगळं?" तेरुहिकोनं वर्तमानपत्र खाली केलं. "एखादं ठेव. मलाही ती फुलं आवडायला लागलीत." "तुम्ही कधी बोललात?" "तू कधी विचारलंस?" तो म्हणाला आणि पुन्हा वर्तमानपत्रात गेला.

शुक्रवारी रात्री पाऊस झाला, माती सैल झाली. शनिवारी नऊ वाजता, फुलं मिटल्यावर, ती जुना टॉवेल डोक्याला बांधून कुदळी घेऊन बसली. उघडी फुलं असताना तिला जमलं नसतं. दाराजवळच्या झुडपापासून सुरुवात केली. खोड बुंध्याशी धरायचं, आजूबाजूची माती मोकळी करायची, हलवत हलवत ओढायचं. पहिलं अख्खं आलं, कोपरापर्यंत लांब मूळ, वरून काळपट, मोडलं तिथं आत पांढरंशुभ्र, आणि कच्च्या मुळ्यासारखा उग्र वास. दुसरं तुटलं. ती वाफ्यात पालथी पडून खणत राहिली, नखांत माती गेली, फरसबंदीच्या खाली शिरलेलं टोक बोटांना लागत होतं पण हाती येत नव्हतं. एवढ्याशा काळ्या बीनं चार उन्हाळ्यांत दगडाखाली किती जागा केली होती. मिसाओला वाटलं, आपण यातलं काहीच केलं नाही; एकतीस वर्षं दगडावरच राहिलो. हा विचार तिला आवडला नाही, म्हणून तिनं जोर वाढवला. कललेलं झुडूप शेवटी काढलं. त्याच्या फांद्या इतक्या रसाळ की हातात कटाकटा मोडत होत्या आणि मिटलेली फुलं तिच्या दंडांना चिकटत होती. मग काजिवारांच्या बाजूची तीन रोपं. दोन फूटभराच्या आत होती, ती तिला काढायचा हक्क होता. तिसरं पुढं होतं, फुटाहून चार बोटं पुढं. ती बराच वेळ उकिडवी बसून त्या चार बोटांकडे बघत राहिली. शेजारच्या खिडकीची बांबूची जाळी हलली नाही, पण आत कुणी नाही असं थोडंच होतं. ठेवलं तर वेंधळी, काढलं तर आगाऊ. शेवटी पाय न हलवता, फक्त हात लांबवून, तिनं ते उपटलं आणि इतक्या झटक्यात पदराआड करावं तसं ॲप्रनमध्ये घातलं की स्वतःलाच हसू आलं. तीन पिशव्या भरल्या. वाफ्यात पडलेल्या बिया ती दुपारपर्यंत वेचत होती. पाणी टाकून दगड धुतले. मग मागं सरून बघितलं. गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राखाडी, नीटनेटकी, घरंदाज दिसत होती. सासूबाईंनी मान डोलावली असती. त्या संध्याकाळी स्वयंपाक आटोपल्यावर मिसाओ सवयीनं दारात आली, उभी राहिली, आणि करायला काही नाही म्हणून परत आत गेली. उद्या खराटा येईल, ती स्वतःला सांगत होती. उद्या तीन हात.

रविवारी ती पाचपासूनच दाराआड होती. दोन्ही पायांत चपला होत्या. खराटा पलीकडच्या टोकाला सुरू झाला. जवळ आला. जिथं इतके दिवस थबकत होता तिथं थबकला नाही. हद्द ओलांडली. एक हात. मिसाओनं डोळे मिटले. दोन हात. तीन हात. तिच्या छातीत काहीतरी गरम उतरलं, इतकं सुख की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. चार हात. तिनं डोळे उघडले. पाच. सहा. खराटा येतच होता. वाफ्याच्या कडेकडेनं, संथ, नेटका, एकही दगड न सोडता, फूट गेला, दोन फूट गेले, तो तिच्या दारापुढं आला, दाराच्या उंबऱ्याला त्याचं टोक घासलं, आणि तो पुढं चालला. सगळं. त्या सगळं झाडत होत्या. म्हणजे एवढं करूनही पुरलं नाही. एकतीस वर्षं मापात जगून, एक उन्हाळा चुकला आणि तोही स्वतःच्या हातानं उपटून टाकला, तरी पुरलं नाही. वर ही थोबाडीत. तिला राग आला. इतका राग तिला या शहरात कधी आला नव्हता, निदान आलेला तिनं कधी ओळखला नव्हता. मिठाईचा डबा नाही, गोड आवाज नाही, आज बोलायचंच, होऊन जाऊ दे काय ते, असं म्हणत तिनं दार धाडकन सरकवलं.

काजिवाराबाई दचकून थांबल्या. खराटा दोन्ही हातांत धरलेला, केस नीट बसवलेले. त्यांनी मान कलती केली, कोंबडी दाणा बघते तशी, आणि मिसाओच्या खांद्याच्या बाजूला बघत विचारलं, "कोण?"

"मी," मिसाओ म्हणाली.

"मी म्हणजे कोण? माझ्या घरातून कोण निघालं?"

आवाजात भीती होती. क्योतोच्या गोडव्याखाली झाकलेली नव्हे, उघडी. मिसाओचा राग कुठल्या कुठं गेला आणि त्या जागी काय आलं ते तिला लगेच कळलं नाही.

"मिसाओ. साकाइंची सून," ती हळू म्हणाली. "काजिवारासान, हे आमचं दार आहे."

काजिवाराबाईंनी डावा हात पुढं केला, भिंत चाचपली, मग वाकून वाफा चाचपला. हात उघड्या मातीत फिरला आणि तिथंच राहिला.

"गुलबाक्षी कुठं गेली?"

"काल काढली."

"सगळी?"

"सगळी."

"तरीच," त्या म्हणाल्या आणि बोटांची माती झटकत सरळ झाल्या. "मधोमध काळं दिसतं मला. नव्या वर्षापासून वाढलंय. कडेकडेचं तेवढं दिसतं, तेही रंग भडक असेल तर. तुमचं ते राणी रंगाचं जाळं दिसायचं. ते आलं की समजायचं, फूट झाला, वळा. गेल्या आठवड्यात ते जरा लवकर यायला लागलं असं वाटत होतं. पण म्हटलं, माझ्या डोळ्यांपेक्षा त्या झुडपाला जास्त कळत असेल. पुढं घुसण्यापेक्षा अलीकडे थांबलेलं बरं. जास्त झालं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतंत?" त्या थांबल्या. "आज किती झालं?"

मिसाओनं गल्लीकडे बघितलं. दारापुढून थेट पलीकडच्या घरापर्यंत दगड स्वच्छ होते.

"थोडं जास्त झालं," ती म्हणाली.

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला. ओसाकाच्या पुतणीला यातलं काही कळता कामा नये. कळलं तर ती मला घेऊन जाईल, आणि तिथं मला माझं दार कुठलं तेही कळायचं नाही." मग वाफ्याकडे मान वळवून, "काढलीत कशाला?"

"तुम्हाला त्रास होतोय असं वाटलं."

"मी बोलले होते का तसं?"

"नाही."

"मग विचारलं का नाही?"

"असं विचारायचं नसतं ना," ती म्हणाली.

काजिवाराबाईंचा चेहरा हळूहळू तिच्याकडे वळला, अगदी समोर, म्हणजे आता त्यांना ती मुळीच दिसत नसणार. "एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या. "अगदी आमच्यातलीच होऊन बसलीस की ग तू."

हे वाक्य ऐकायला मिसाओ एवढी वर्षं दाराआड उभी राहिली होती. ते मिळालं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काजिवाराबाई घराकडे वळल्या होत्या, पण ते घर नव्हतं, उलटी बाजू होती. त्यांनी एक पाऊल टाकलं, मग त्यांनाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण त्या खराट्याच्या आधारानं उभ्याच राहिल्या. त्यांचे कान हलकेच लाल झाले होते. अशा वेळी काय करायचं ते मिसाओला पाठ होतं: आत जायचं, दार आवाज न करता लावायचं, आणि शेजारीण आपापली चाचपडत घरी पोचली की मग दुपारी काहीच न घडल्यासारखं वाकून नमस्कार करायचा. तिचा हात दाराकडे गेलासुद्धा.

"काजिवारासान," ती म्हणाली, "तुमचा हात धरू का?"

गल्लीत असं कुणी कुणाला विचारत नाही. पलीकडच्या घरात किटली ठेवल्याचा आवाज झाला आणि थांबला. तिथंही कुणीतरी ऐकत होतं. मग काजिवाराबाईंनी खराटा भिंतीला टेकवला आणि हात पुढं केला. तो थोडा भलतीकडेच आला. मिसाओनं आपला तिकडे नेला.